तळाच्या दाण्यांचा वास

योगिताने वडिलांसाठी शब्द टाकला तेव्हा कारखान्याच्या मालकांनी, विकासभाईंनी, एकच गोष्ट विचारली. "काही व्यसन नाही ना?"

"नाही," योगिता म्हणाली. आणि घाईघाईने पुढे जोडलं, "कधीच नव्हतं."

नुसतं 'नाही' म्हणाली असती तर ते खरं ठरलं असतं. तिचे वडील भाईदास एके काळी भरपूर प्यायचे. सुरतेच्या गोडादऱ्यात त्यांच्या गल्लीतल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. योगिता शाळेत असताना संध्याकाळी खाडीच्या बाजूने कुणीतरी हाक मारायचं, "ए योगी, तुना बाप पडेल शे आठे!" मग ती आणि तिची माय कलाबाई जाऊन त्यांना दोन्ही बाजूंनी धरून घरी आणायच्या. गुजरातेत दारूबंदी असली तरी गावठी दारूची पोटली कुठे मिळते हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. पुढे भाईदासांच्या सोबत कापडाच्या लूमवर काम करणारा, शिरपूरकडचाच एक जोडीदार असली पोटली पिऊन आंधळा झाला, आणि दवाखान्यात नेला तो तिथून परतला नाही. त्याला पोचवून आल्यावर भाईदासांनी पिणं सोडलं. शपथ घेतली नाही, माळ घातली नाही, कुणाला सांगितलंही नाही. योगिताचं कॉलेज, एमएस्सी, नोकरी, सगळं त्यानंतरचं.

नोकरी लॅबमधली होती, कामरेजच्या पुढे, हायवेला लागून असलेल्या एका छोट्या कारखान्यात. तिथे जवापासून माल्ट करायचे. राजस्थानातून पोत्यांनी जव यायचे. ते भिजवायचे, त्यांना मोड आणायचे, गरम हवेत वाळवायचे आणि बिस्किटवाल्यांना, दुधात घालायच्या पावडरी करणाऱ्यांना विकायचे. माल्ट म्हटलं की लोकांना बिअर आठवते. म्हणून विकासभाईंनी फाटकावर मोठ्या अक्षरांत 'खाद्य माल्ट' असं रंगवून घेतलं होतं, आणि माणूस कामावर घेताना व्यसनाचं आधी विचारायचे. "आपल्याकडे एकाच्या तोंडाला वास आला, तर गाव म्हणेल इथेच गाळतात," असं ते नेहमी म्हणत.

भाईदासांचा लूमचा शेड बंद पडला होता. मालकाने जुने लूम भंगारात काढले आणि नवीन मशिनं आणली. त्यांच्यावर एकच माणूस अख्खी रांग बघतो. भाईदासांच्या वयाच्या कारागिराला तिथे जागा नव्हती. ते घरी बसून राहू लागले. दुपारी ओट्यावर, संध्याकाळी ओट्यावर. कलाबाई बोलायची नाही, पण नवरा कोपऱ्यापर्यंत गेला की दारात येऊन उभी राहायची. योगिताने ते पाहिलं आणि विकासभाईंकडे शब्द टाकला.

पहिल्या दिवशी तिने वडिलांना सगळा कारखाना फिरवून दाखवला. ओंजळीत जव घेऊन ती म्हणाली, "आबा, हा दाणा मेलेला दिसतो, पण तो झोपलेला असतो. पाण्यात पडला की जागा होतो. आतला कोंब निरोप पाठवतो की मला भूक लागली. मग सालीखालचा एक पातळ थर एन्झाइम बनवायला लागतो. हे एन्झाइम दाण्यातलं पीठ कातरतात, त्याची साखर करतात. कोंबाने ती साखर खाऊन वाढायचं असतं. तेवढ्यात आपण त्याला गरम हवेत वाळवतो. कोंब मरतो, एन्झाइम टिकून राहतात. त्यांच्यासाठीच लोक आपला माल घेतात."

भाईदासांनी एक दाणा दातांखाली फोडून पाहिला. "म्हंजे त्याना तोंडना घास काढी लेतस आपन," ते हसून म्हणाले.

योगिताही हसली. त्या दिवशी तिला बरं वाटलं.

त्यांना भिजवण्याच्या टाक्यांवर काम मिळालं. टाक्या वरून रुंद आणि खाली नरसाळ्यासारख्या निमुळत्या होत्या. भिजलेले जव खालच्या झडपेतून ओढून काढावे लागत आणि शेवटी तळाला चिकटून राहिलेले दाणे आत वाकून, हाताने, फावड्याने खरवडावे लागत. भाईदास अंगाने बारीक होते, म्हणून ते काम त्यांच्याकडे आलं. टाकीतलं पाणी ठिबकत राहायचं आणि त्यांचा सदरा दिवसभर ओला असायचा.

सगळे कामगार योगिताला मॅडम म्हणत. एकदा ती शेडमध्ये गेली असताना भाईदासही तिला म्हणाले, "मॅडम, हाई टाकी भरू का?" ते गमतीने म्हणाले की चारचौघांत तसंच म्हणायचं असतं असं समजून म्हणाले, तिला कळलं नाही. 'आबा, मला मॅडम काय म्हणता?' असं तिने म्हणायला हवं होतं. ती म्हणाली, "हो, भरा." त्यानंतर शेडमध्ये जायचं तिला अवघड वाटायला लागलं. टाक्यांतले वरवरचे नमुने तिची मदतनीस नेहा आणून द्यायची. घरी जातानाही योगिता कंपनीच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसायची आणि भाईदास मागे, कामगारांत.

उन्हाळा चढला तेव्हा ब्लोअरची मोटर जळाली. हा ब्लोअर टाकीच्या तळातून हवा सोडायचा. भिजलेले जव श्वास घेतात, त्यांना हवा लागते, आणि उन्हाळ्यात कोमट झालेल्या पाण्यात ती लवकर संपते.

"मोटर वाइंडिंगला दिलीय," विकासभाई लॅबमध्ये येऊन म्हणाले. "तोवर टाक्या बंद ठेवू? वडोदऱ्याच्या कंपनीचा माल अडकेल."

योगिताने क्षणभर विचार केला. "बंद नको. पाणी लवकर लवकर बदलू, मधे टाकी रिकामी करून दाणे उघडे ठेवू. निभून जाईल."

"तुम्ही म्हणाल तसं, बेन."

हे शेडमध्ये जाऊन सांगायचं होतं, म्हणजे वडिलांना सांगायचं होतं. त्या दिवशी तिच्याकडे तपासण्यांचं काम साचलं होतं. घरी गेल्यावर आबांना सांगू, असं तिने ठरवलं. घरी गेल्यावर ती विसरली. दुसऱ्या दिवशी आठवलंच नाही.

काही दिवसांनी, सकाळी, कलाबाई मोरीत कपडे धुवायला बसली होती. योगिता चहाचा कप ठेवायला गेली तेव्हा तिला दिसलं की माय भाईदासांचा सदरा नाकाशी धरून बसली आहे.

"काय शे, माय?"

कलाबाईने सदरा तिच्याकडे दिला. "कालदिन बी येत व्हता. तू दिनभर तठेच ऱ्हास. तुना ध्यानात नही उनं?"

योगिताने वास घेतला. पिकून सडायला लागलेल्या फळासारखा गोड, आंबूस वास होता आणि त्याच्या आत तो दुसरा, लहानपणापासून ओळखीचा. तिने सदरा बादलीतल्या पाण्यात बुडवला.

घरात कुणी भाईदासांना काही विचारलं नाही. कलाबाई भाकर वाढताना त्यांच्या हाताकडे बघायची, थरथरतो का ते. त्यांचे डोळे लाल होते. दाण्यांची धूळ आणि उकाडा यांनी कुणाचेही झाले असते. ते कमी बोलत, कारण दमलेले असत. जेवले की लगेच आडवे होत. पूर्वी या प्रत्येक गोष्टीचा एकच अर्थ असायचा, आणि दोघी मायलेकींनी आताही तोच काढला.

त्याच आठवड्यात वडोदऱ्याच्या कंपनीतून एक बाई माल बघायला आल्या. विकासभाई त्यांना घेऊन शेडमध्ये गेले, योगिताही सोबत गेली. दारातच त्या बाई थबकल्या. त्यांनी नाकाला रुमाल लावला आणि इंग्रजीत हळूच विचारलं की इथे कुणी दारू प्यायलंय का.

विकासभाईंचा चेहरा पडला. "कोण पीने आव्युं छे?" ते ओरडले. शेडमधलं काम थांबलं. सुकलाल नावाचा भट्टीवरचा जुना कामगार, मोड उलटणारे दोघेतिघे, पोती उचलणारे, सगळे समोर येऊन उभे राहिले. विकासभाई एकेकाच्या जवळून गेले. भाईदासांपाशी आल्यावर ते थांबले. टाकीच्या तळाचं खरवडणं अर्धवट टाकून भाईदास नुकतेच आले होते. सदरा अंगाला चिकटला होता, हाताला कोपरापर्यंत दाणे लागले होते. वास तिथे सगळ्यात जास्त होता.

विकासभाई मागे सरले. त्यांनी योगिताकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "योगिताबेन, वडीलधारे माणूस आहेत. मी कसं बघू? तुम्हीच बघा."

सगळे तिच्याकडे बघत होते. 'कधीच नव्हतं' हे आपलेच शब्द तिला आठवले. घरी ती वडिलांशी अहिराणीत बोलायची, कधी मराठीत. तिथे, सगळ्यांना कळावं म्हणून, ती हिंदीत बोलली.

"आबा, मुँह खोलिए."

भाईदासांना आधी समजलंच नाही. मग समजलं. त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, डोळे मिटले आणि डॉक्टरपुढे उघडावं तसं तोंड उघडलं.

योगिताने नाक जवळ नेलं. लहानपणी ते झोपलेले असताना ती असंच वाकून बघायची. कांद्याचा वास आला. आणि तो आंबूस, गोड वासही आला. तो तोंडातून येतोय की ओल्या सदऱ्यातून, हे बघायला ती थांबली नाही.

"हो," ती म्हणाली.

"मी पियेल नही शे, पोरी," भाईदास म्हणाले. ते हळू बोलले, फक्त तिला ऐकू जाईल एवढंच.

"आबा, घर जाइए."

त्यांनी नळावर हात धुतले. खुंटीवरची पिशवी घेतली, तिच्यात न उघडलेला डबा होता. दुपारच्या वेळी कंपनीची गाडी नसायची. ते फाटकातून बाहेर पडले आणि हायवेच्या कडेने कामरेजच्या चौकाकडे चालत गेले. विकासभाई पाहुण्या बाईंना ऑफिसात घेऊन गेले. योगिता लॅबमध्ये येऊन स्टुलावर बसली. खाली मान घालून नेहा काचेची नळकांडी पुसत राहिली.

थोड्या वेळाने सुकलाल दारात आला. "मॅडम, शेडमध्ये वास येतोच आहे अजून."

"कसला?"

"तोच. भाईदासभाऊ गेले तरी येतोय. टाकीकडून येतोय म्हणून सांगायला आलो."

योगिता उठली. शेडमध्ये जाऊन तिने टाकीची खालची झडप उघडायला लावली, वाकून आत हात घातला आणि तळाचे दाणे मूठभर बाहेर काढले. ते बुळबुळीत आणि काळपट होते. एवढ्या वेळात प्रत्येक दाण्याच्या टोकाला पांढरं मूळ डोकवायला हवं होतं. एकालाही नव्हतं. तिने मूठ नाकाशी नेली आणि वास तिच्या डोक्यात चढला.

तिला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी या प्रश्नाचं तिने पानभर उत्तर लिहिलं होतं. नेहाला तर तिने हे याच लॅबमध्ये, फळ्यावर चित्र काढून शिकवलं होतं. पाण्याखाली हवा मिळाली नाही की दाणा लगेच मरत नाही. तो कसातरी तग धरतो. साखर पुरती जाळायला हवा लागते. ती नाही, म्हणून तो साखर अर्धवटच मोडतो आणि त्या अर्ध्या वाटेवर दारू तयार होते. त्यासाठी बाहेरून काही घालावं लागत नाही. लागणारे एन्झाइम दाण्याजवळ स्वतःचेच असतात.

तिने नळावर हात धुतले, साबण लावून पुन्हा धुतले. वास गेला नाही. तिच्या कुडत्याच्या बाहीलाही तो लागला होता. ती क्षणभरच वाकली होती. तिचे वडील कितीतरी दिवस, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, त्यात वाकत होते.

तिला जळालेली मोटर आठवली. मग न दिलेला निरोप आठवला. आणि मग स्वतःचा तो 'हो' आठवला, तेव्हा तिला शेडमध्ये कुणाच्या समोर उभं राहवेना. वास कुठून येतो हे त्या सगळ्या माणसांत तिलाच ठाऊक असायला हवं होतं. आणि तिने टाकीत नाक घालायच्या आधी बापाच्या तोंडात घातलं.

ती तशीच ऑफिसात गेली. पाहुण्या बाई चहा पीत होत्या. योगिताने उभ्यानेच सांगितलं. ब्लोअर बंद होता, पाणी बदलायचं तिने शेडमध्ये सांगितलंच नाही, तळाचे दाणे गुदमरले, दारू दाण्यांनीच केली.

"उन्हाळ्यात होतं असं," त्या बाई म्हणाल्या. "टाकीतली ही भरती फेकून द्या. मोटर आल्यावर नव्याने लावा." त्यांच्यापुरता विषय संपला होता.

विकासभाई मात्र योगिताकडे बघत राहिले. "मग तुम्ही हो का म्हणालात, बेन? मला वाटलं होतं तुम्ही नाही म्हणाल आणि प्रकरण तिथेच मिटेल. मुलीनेच हो म्हटल्यावर मी काय बोलणार?"

"ते आधी प्यायचे," योगिता म्हणाली. "पुष्कळ वर्षांपूर्वी. मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं. म्हणून मला वाटलं…"

विकासभाईंनी हातातला कप खाली ठेवला. "हे आज सांगायची गरज नव्हती," ते म्हणाले. "जा, आधी त्यांना गाठा."

दाराबाहेर आल्यावर तिच्या लक्षात आलं की स्वतःची सुटका करून घेताना तिने वडिलांची जुनी गोष्ट एका परक्या बाईसमोर उघडी केली होती. तेही आजच्याच दिवशी.

ती रिक्षाने गोडादऱ्याला आली. कलाबाई उंबऱ्यात बसली होती. शेजारी न उघडलेला डबा होता.

"डबा ठेईसन चालना गयात," कलाबाई म्हणाली. "कोठे ते सांगं नही. पियेल व्हतात का?"

"नही, माय. त्या नही पियेल. चूक मनी शे." एवढंच कसंबसं सांगून योगिता परत रस्त्याला लागली.

कुठे जावं हे तिने ठरवलं नव्हतं. पाय आपोआप खाडीकडे वळले. पूर्वी जिथे पोटली मिळायची त्या कोपऱ्यावर आता पत्र्याची टपरी होती आणि रुक्मिणी नावाची म्हातारी विडी-तंबाखू विकत बसली होती. तिने योगिताला ओळखलं.

"भाईदासनी पोर ना तू? त्याले आठे दखस का काय?" म्हातारी म्हणाली. "आठे तो कसाले ई? कितला वरीस व्हयनात, इकडे फिरकनाच नही."

योगिता वळली. टाकीतले दाणे हातात घेऊन पाहिल्यावरही, सगळं कळल्यावरही, बापाला शोधायला ती इथेच आली होती. म्हातारी मागून बघत असेल या विचाराने ती भरभर चालू लागली.

मोठ्या रस्त्यावर एका डॉक्टरच्या दवाखान्याखाली रक्त तपासायची लॅब होती. तिच्या पायरीवर भाईदासांच्या चपला होत्या. एकीच्या अंगठ्याला तारेचा टाका होता, म्हणून तिने ओळखल्या. ती काच ढकलून आत गेली. ते भिंतीकडच्या बाकावर, ओला सदरा अंगातच वाळलेला, मांडीवर पिशवी धरून बसले होते.

काउंटरवरच्या मुलीने योगिताला विचारलं, "तुम्ही यांच्या कोण? हे काका केव्हाचे बसलेत. दारूची टेस्ट करा म्हणतात. आमच्याकडे ती होत नाही. मी सांगितलं, ती सिव्हिलला होते, पोलीस घेऊन येतात त्यांची. तरी उठत नाहीत. वरचे डॉक्टर आले की त्यांना विचारतो म्हणतात."

योगिता त्यांच्या शेजारी बसली.

"आबा, चला घरी. टेस्ट नको."

"ऱ्हाऊ दे. व्हई जाऊ दे," भाईदास समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले. "तुले दखाडाले नही. तुनी मायले दखाडनं शे. ती काही बोलत नही, पन ती मना सदरा हुंगस. माले मालूम शे."

योगिताच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिने ते पुसलंही नाही. ती अहिराणीतच सांगू लागली. टाकीत वाकून काय काढलं ते सांगितलं. ब्लोअरचं सांगितलं, हवा नसली की दाणा काय करतो ते सांगितलं. भाईदास ऐकत होते.

"म्हंजे दानानीच दारू करी?" त्यांनी विचारलं.

"हा."

"कोनी नही करी, आपोआप?"

"हवा नही भेटनी म्हनीसन."

त्यांना ते नवल वाटलं. त्यांनी आपल्या तळहाताचा वास घेऊन पाहिला, आणि थोडं हसल्यासारखं केलं. मग त्यांचा चेहरा पुन्हा गंभीर झाला. त्यांनी पहिल्यांदाच तिच्याकडे वळून पाहिलं.

"तुले हाई ठाऊक व्हतं? आधीपासून?"

"हा, आबा."

"मंग?"

योगिता कुडत्याची वास लागलेली बाही दुमडत राहिली. भाईदासांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. पिशवी उचलून ते उठले, काउंटरवरच्या मुलीला म्हणाले, "बेन, तकलीफ दी आपको," आणि बाहेर जाऊन चपला घालू लागले.

घरी आल्यावर योगिताने मायला सगळं पहिल्यापासून सांगितलं. तोंड उघडायला लावल्याचंही सांगितलं. कलाबाईने कपाळावर हात मारला. "सगळासमोर?" तिने विचारलं. "हा," योगिता म्हणाली. कलाबाई उठली, डबा उघडून त्यातली भाजी गरम केली आणि नवऱ्याला वाढून दिली. त्या दिवशी तिने त्यांच्या हाताकडे पाहिलं नाही. पण योगिताकडेही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये काम सुरू व्हायच्या आधी योगिताने सगळ्यांना थांबवलं. काल ज्या जागी उभी राहून ती बोलली होती तिथेच उभी राहून तिने सांगितलं की भाईदास प्यायलेले नव्हते, वास टाकीचा होता आणि तो तिच्या चुकीमुळे सुटला. मोड उलटणाऱ्यांतला एक जण मान डोलवून लगेच कामाला लागला. सुकलाल म्हणाला, "भाऊला सांगा, परत या म्हणून." त्याच्या आवाजात राग नव्हता. पण तो तिला मॅडम म्हणाला नाही, आणि ते तिला टोचलं.

दोन दिवसांनी विकासभाई स्वतः गोडादऱ्याला आले. येताना मिठाईचा पुडा आणला. कलाबाईने चहा केला. भाईदास त्यांच्याशी हसून, नीट बोलले. "शेठ, तुमना काय दोष? मी कोनावर नाराज नही," ते म्हणाले. "पन तठे आते नही येवाव." विकासभाईंनी दोनतीनदा आग्रह केला. भाईदास नाहीच म्हणाले. कारण त्यांनी सांगितलं नाही. योगिता आतल्या खोलीत उभी राहून ऐकत होती.

महिनाभरात त्यांना पलसाण्याच्या एका प्रोसेस हाउसमध्ये काम मिळालं. रंगवून आलेल्या कापडाच्या घड्या घालायचं. तिथे त्यांना मुलीची ओळख लागली नाही. मोटर दुरुस्त होऊन आली, टाक्या पुन्हा चालू झाल्या, आणि योगिता आता रोज शेडमध्ये जाऊन प्रत्येक टाकीच्या तळाचे दाणे स्वतः हाताने काढून बघते. वडोदऱ्याची ऑर्डर वाढली. विकासभाईंनी तिला त्या गोष्टीची आठवण कधी करून दिली नाही.

घरी भाईदास तिच्याशी पूर्वीसारखंच बोलतात. जेवलीस का विचारतात, पलसाण्याच्या गमती सांगतात. फक्त ती जवळ येऊन बसली की त्यांचा डावा हात तोंडापुढे जातो. मुद्दाम करत नसावेत. बोलता बोलता जातो.

एका रविवारी तिघं जेवायला बसली होती. भाईदास घड्या घालायच्या मशिनमध्ये कुणाची तरी लुंगी अडकली, त्याची गोष्ट सांगत होते.

"हात काढा ना तोंडवरथून," कलाबाई म्हणाली. "काही समजत नही काय सांगी ऱ्हायनात ते."

"हा," म्हणून त्यांनी हात खाली घेतला आणि गोष्ट पुढे चालू केली. लुंगीवाल्याने कसा आरडाओरडा केला ते सांगेपर्यंत हात पुन्हा वर गेला होता. कलाबाई हसत होती. योगिताही हसली, आणि ताटातल्या भाकरीचा तुकडा मोडायला तिने मान खाली घातली.